शून्य, तीन, सात, अठ्ठावीस

चावला तो दिवस शून्य,
असं शिवलीला सिस्टर म्हणाली
आणि कार्डावर कन्नडात काहीतरी लिहिलं.
मला अंक तेवढे कळले.

शून्य म्हणजे मंगळवार.
खानापूरच्या वाटेवरल्या भट्टीत मी कौलं रचत होते
आणि माझ्या येसूच्या पोटरीत
कुणाचं ते कुत्रं, चार दात रुतवून गेलं.
चिखलाच्या हातांनीच धावले.
कपड्याचा साबण, नळाची धार, पंधरा मिनिटं.
शेजारची निंगव्वा मोबाईल धरून मोजत होती,
अजून दोन, अजून एक, थांबू नको गे.
कुणीतरी हळदीची वाटी पुढं केली.
ती मी ढकलली. का, ते सांगते.

सुई खानापुरात मिळाली, सीरम नव्हतं.
लाल बसनं बेळगाव.
तिथं आधी वजन केलं तिचं,
शेंगांचं पोतं तोलावं तसं,
मग जखमेच्या कडेकडेनं टोचत गेले.
ओरडली नाही. माझं बोट चावलं तिनं.
मी विचारलं, आता मला पण सुई लागंल काय ओ?
तिथली सिस्टर हसली,
मग माझं तोंड बघून हसायची थांबली, नाही म्हणाली.

तिसरा दिवस यायच्या आत घर भरलं.
भरमूमामा जांबोटीच्या रानात दिवसभर हिंडून
गुळवेल घेऊन आला,
कडुलिंबावर चढलेलीच पाहिजे म्हणून.
जाऊबाईनं शहापुरातनं पावडरीचा डबा धाडला,
सातशे चाळीस रुपये, वर ढाल घेतलेला माणूस.
आवळ्याचा मोरंबा. कसल्याशा काळ्या गोळ्या.
सगळ्यांचं एकच, शक्ती पाहिजे पोरीला, शक्ती.

पिशवी तशीच हिरेमठ डॉक्टरांच्या टेबलावर उपडी केली.
चष्मा कपाळावर सारून त्यांनी एकेक चिठ्ठी वाचली.
भात घाला, अंडं घाला, झोपू द्या.
काढा नकोच, लहान लिव्हर आहे ते.
डबा परत घेत असतील तर देऊन टाका.
आणि सातव्या दिवशी या. आठव्या नाही.
त्यांचं मराठी कन्नडात भिजलेलं, माझं कन्नड मराठीत.
सात दोघांचाही सातच.

हळदीचं सांगायचं राहिलं.
माझा थोरला भाऊ, जोतिबा.
मनगटाला चावलं होतं.
हळद-चुना भरला, मंतरलेला दोरा बांधला,
आणि आईनं दोन वेळचा काढा, दूध, खारीक,
महिनाभर असं खाऊ घातलं
की पोरगं अंगानं भरलं.
लोक म्हणाले, बघ, मानवलं.
चाळिसाव्या दिवशी त्यानं पाण्याचा तांब्या भिरकावला.
शक्ती?
चौघा बाप्यांना आवरला नाही तो.

मनगटापासनं डोक्यापर्यंत
किती लांब असतं माणूस?
आमच्याकडं गावाच्या पाटीवरनं डोकी फुटतात,
कुठली अक्षरं वर, कुठली खाली.
ते विष पाटी वाचत नाही.
शिरेच्या आतनं चालत राहतं, गुपचूप,
आणि त्याच्या आधी पोचायचं असतं
एवढंच आहे त्या कार्डावर.

सात झाला. दोन्ही दंडांवर दोन टिकल्या,
येसू शाळेत सगळ्यांना दाखवून आली.

भरमूमामा अजून संध्याकाळी येतो, कप घेऊन.
डॉक्टर नको म्हणाले, हे त्याला दोनदा सांगितलं.
ऐकतो, मान हलवतो,
कप तसाच धरून दाराशी बसून राहतो.
जोतिबाला आवरणाऱ्या चौघांत
एक तो होता.
मग मीच पिते. जहर कडू.
आवडला काय, विचारतो.
बरा आहे म्हणते.

अठ्ठावीसलाही मंगळवारच येतो.
भट्टी उघडायचा दिवस आहे तो.
मालकाला आत्ताच सांगून ठेवलंय,
कौलं थांबतील.